सरकीच्या पोत्यांमागची मिलानकरीण

समजा, दिवाळीत तुम्ही अमरावतीकडच्या आपल्या गावी गेलात. आबाजींचा वाडा, मागे कोठा. ढोरं कधीचीच गेली, आता तिथं पऱ्हाटीच्या पेंढ्या आणि सरकीची पोती. पोतं सरकवताना हाताला गार पत्रा लागतो. वरची फाटकी सतरंजी ओढता, तर धुळीतून एक गोल दिवा तुमच्याकडे टक लावून बघतो. स्कूटर! आबाजी हिच्यावर बडनेऱ्याला गाडी गाठायला जायचे म्हणे. आजीच्या पेटीतलं आरसी बुक म्हणतं, ही लॅम्ब्रेटा. समोरच्या ढालीवरची पट्टी म्हणते, विजय सुपर. मग इंजिन कुणाचं? आणि पायदानाखाली वेल्डिंग करून लावलेला तो लोखंडी आकडा कशाचा?

जुन्या गाड्यांवर हात बसलेला अकोल्याचा एखादा मिस्त्री बोलावलात, तर तो आधी पाना काढणारच नाही. उकिडवा बसेल, गाडीखाली डोकं घालेल, बोटानं चिखल खरवडेल आणि म्हणेल, "भाऊ, हे एक गाडी नाही ना. ह्या चार गाड्या हायेत."

चार गाड्या, एका सांगाड्यावर! त्यातला कोणता तुकडा कुठून आला हे शोधायला बसलं की आपण वऱ्हाडातून थेट मिलानच्या एका पाइप कारखान्यात जाऊन पोचतो.

फर्दिनांदो इनोसेंटी नावाचा माणूस पोलादी नळ्या बनवायचा. इमारत बांधताना जी परांची उभी करतात ना, तिच्या नळ्या आणि त्या जोडायचे चिमटे, हा त्याचा धंदा. त्याचा कारखाना मिलानजवळ लाम्ब्राते या उपनगरात होता. उपनगराला नाव मिळालं शेजारून वाहणाऱ्या लाम्ब्रो नदीचं, आणि उपनगरावरून स्कूटरचं नाव पडलं लॅम्ब्रेटा. म्हणजे आपल्या अकोल्याच्या मोर्णा नदीवरून एखाद्या गाडीला 'मोर्णी' म्हणावं, तसं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून कारखाना उद्ध्वस्त झाला. इटलीत रस्ते फुटलेले, खिसे रिकामे, मोटार घेणार कोण? लोकांना स्वस्त, दोन माणसं वाहून नेईल असं काहीतरी हवं होतं.

असं सांगतात की इनोसेंटीनं हे काम आधी कोर्रादिनो दास्कानियो या अभियंत्याकडे नेलं होतं. दास्कानियो हेलिकॉप्टर बनवणारा माणूस, मोटारसायकल त्याला मुळीच आवडायची नाही. साखळीनं कपडे काळे होतात, चाक पंक्चर झालं की जीव नकोसा होतो, ही त्याची तक्रार. त्याला हवी होती विमानासारखी, पत्रा वाकवून केलेली गाडी. इनोसेंटीचं म्हणणं, माझ्याकडे नळ्या आहेत, गाडी नळीचीच होणार. दोघांचं फिसकटलं. दास्कानियोची कल्पना पियाज्जो या विमान कंपनीत उतरली आणि २३ एप्रिल १९४६ रोजी व्हेस्पाचं पेटंट दाखल झालं. वर्षभरानं, १९४७ मध्ये, इनोसेंटीची लॅम्ब्रेटा रस्त्यावर आली.

त्या फिसकटण्यातून जगाला दोन वेगळे प्राणी मिळाले. व्हेस्पा म्हणजे खेकडा. तिला आत हाडं नाहीत, बाहेरचं कवच हाच तिचा सांगाडा. लॅम्ब्रेटाला मात्र आपल्यासारखा कणा आहे. हँडलच्या मानेपासून एक जाड पोलादी नळी खाली उतरते, पायदानाखालून मागे जाते आणि सीटखाली वर चढते. बाकीचा पत्रा म्हणजे अंगावरचे कपडे. लॅम्ब्रेटाचे दोन्ही बाजूंचे पत्रे काढून टाका, ती तरीही चालेल. व्हेस्पाचं कवच मात्र कापलंत तर गाडीच उरणार नाही.

आपल्या कोठ्यातली कोण, हे ओळखायला अगदी लहान पोरालाही जमेल अशी एक खूण आहे. हँडल वळवा आणि पुढच्या चाकावरच्या मडगार्डकडे बघा. चाकाबरोबर मडगार्डही वळलं तर व्हेस्पाचं घराणं. मडगार्ड जागीच राहिलं आणि आत नुसतं चाक वळलं तर ती लॅम्ब्रेटाची, एलआय नावाच्या मालिकेतली. बघा वळवून. मडगार्ड हललं नाही ना? मग सांगाडा नळीचा आहे.

पण पोकळ नळी कशाला? भरीव गज जास्त मजबूत नसता का झाला? मेळघाटातल्या बांबूकडे बघा. वादळात तो जमिनीपर्यंत वाकतो आणि परत उभा राहतो, आणि आतून पोकळ. कोणतीही काठी वाकवली की तिची एक बाजू ताणली जाते, दुसरी दबते आणि मधला भाग जवळपास काहीच करत नाही, नुसतं वजन वाढवतो. मग तो मधला माल काढून बाहेरच्या कडेला नेऊन लावला तर? हिशेब करून पाहा. पोलाद तेवढंच, वजन तेवढंच, फक्त गजाऐवजी दुप्पट जाडीची पोकळ नळी केली. वाकायला ती किती जास्त विरोध करेल? सातपट! एक ग्रॅमही न वाढवता सातपट. निसर्गानं हे बांबूत केलं, पक्ष्यांच्या हाडांत केलं आणि इनोसेंटीनं परांचीच्या नळ्या विकता विकता स्कूटरमध्ये केलं.

या नळीच्या वेडाचं सर्वांत देखणं टोक बघायचं तर इटलीतच रिमिनी गावी जावं लागेल. तिथं बियांकी, मोर्री आणि ताम्बुरिनी या तिघांची वातानुकूलनाच्या नळ्या-वाहिन्या बनवणारी कंपनी होती. तिघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून ती झाली बिमोटा. यातला मास्सिमो ताम्बुरिनी १९७२ मध्ये मिसानोच्या ट्रॅकवर होंडा ७५० घेऊन आपटला आणि त्याच्या बरगड्या मोडल्या. त्याच्या लक्षात आलं की जपान्यांचं इंजिन जबरदस्त आहे, पण त्याला पेलणारा सांगाडा कच्चा आहे. त्यानं स्वतः नळ्या वाकवून नवा सांगाडा केला आणि त्यात तेच इंजिन बसवलं. त्या गाडीचं नाव एचबी१. एच म्हणजे होंडा, बी म्हणजे बिमोटा. पुढे सुझुकीचं इंजिन घेतलं तर एसबी, कावासाकीचं घेतलं तर केबी. गाडीच्या नावातच आईबापांची नावं! त्यामुळे आज जुनी बिमोटा कुणी पुन्हा उभी करायला घेतली की त्याला इंजिन एका देशाच्या पुस्तकात शोधावं लागतं, ब्रेक दुसऱ्या कंपनीच्या, शॉकअप तिसऱ्याच्या, आणि सांगाडा मात्र रिमिनीच्या हातचा. याच ताम्बुरिनीनं पुढे डुकाटी ९१६ रेखली, जी १९९४ मध्ये आली आणि जिच्याकडे बघून आजही लोक थबकतात.

आपल्या कोठ्यातली स्कूटर बिमोटाइतकी वेगवान नाही, पण कोडं तेच आहे. सांगाडा एका ठिकाणचा, इंजिन दुसऱ्या ठिकाणचं. हे झालं कसं?

पन्नाशीच्या दशकात ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, म्हणजे एपीआय, ही कंपनी मुंबईत भांडुपला लॅम्ब्रेटा जुळवू लागली. सुटे भाग इटलीतून यायचे, हळूहळू इथंच होऊ लागले. त्याच सुमारास बजाजांनी व्हेस्पा आणली. त्या घराण्याची मुळं आपल्या शेजारच्या वर्ध्यात, जमनालाल बजाजांच्या अंगणात. म्हणजे इनोसेंटी आणि पियाज्जोचं भांडण महाराष्ट्रातच पुन्हा मांडलं गेलं!

इटलीत १९५८ ला लॅम्ब्रेटाची एलआय मालिका आली. तिच्या पहिल्या रूपात दिवा पुढच्या नाकाडावर पक्का बसवलेला होता, म्हणजे रात्री वळताना गाडी वळायची आणि उजेड सरळ जायचा. १९५९ मध्ये दिवा हँडलवर चढला. १९६१ संपता संपता अंगानं बारीक, तिसरं रूप आलं आणि मिलाननं ते गोलमटोल दुसरं रूप सोडून दिलं. भांडुपनं सोडलं नाही. इटलीत जे संपलं होतं ते इथं लॅम्बी या नावानं कित्येक वर्षं बनत राहिलं. मिलानच्या पोरांनी जी स्कूटर आपल्या आजोबांच्या फोटोतच पाहिली, ती आपल्याकडे कोरी करकरीत मिळत होती.

याहून मोठं नवल पुढे आहे. १९७१ मध्ये इनोसेंटीनं लॅम्ब्रेटा बंद केली. यंत्रं, साचे, नकाशे, नाव, सगळं आपल्या केंद्र सरकारनं विकत घेतलं. १९७२ मध्ये लखनौला स्कूटर्स इंडिया लिमिटेड, म्हणजे एसआयएल, ही कंपनी उभी राहिली आणि तिथून विजय नावाच्या स्कूटर निघाल्या. एक अख्खा कारखाना देश सोडून दुसऱ्या देशात राहायला आला! लखनौहून इंजिनं वेगवेगळ्या राज्यांतल्या कंपन्यांनाही जायची आणि गिरनार, केसरी, फाल्कन अशा नावांनी तीच मिलानची लेक रस्त्यावर फिरायची. लखनौची दुचाकी १९९७ पर्यंत बनत राहिली, आणि आज युरोपात कुणी जुनी लॅम्ब्रेटा दुरुस्त करतो तेव्हा त्याच्या हातात बरेचदा भारतात बनलेला भाग असतो.

आता मिस्त्रीचं वाक्य उलगडतं. आबाजींच्या सांगाड्यात लखनौचं इंजिन शिरलं, कारण ते शिरू शकतं. एलआयचं इंजिन सांगाड्यावर पक्कं बसवलेलं नाही, टांगलेलं आहे. एक लांब बोल्ट रबरी बुशांमधून आरपार जातो, मागे एक शॉकअप, आणि मागचं चाक थेट इंजिनाच्याच अंगाला. खड्डा आला की चाकाबरोबर अख्खं इंजिन झुल्यासारखं वरखाली होतं. तो बोल्ट आणि शॉकअप सोडला, वायरी-केबली काढल्या की इंजिन खाली. आणि १९५८ च्या एलआयपासून लखनौच्या शेवटच्या गाडीपर्यंत ही टांगण्याची जागा बदललीच नाही. जवळपास चाळीस वर्षं! ज्या गाडीत कुणाचंही इंजिन बसतं, त्या गाडीत कधी ना कधी कुणाचं तरी बसतंच.

म्हणून कागद शोधण्याआधी धातू वाचायचा. एक जुना ब्रश, वाटीभर रॉकेल आणि दम. मागच्या बाजूला सांगाड्यावर रंगाचे थर चढलेले असतात. वरचा निळा, त्याखाली हिरवट, त्याखाली लाल ऑक्साइड, आणि घासत घासत गेलं की पोलादात ठोकलेले आकडे एकेक करून वर येतात. धरणाचं पाणी उतरल्यावर बुडालेलं देऊळ दिसावं तसे. आधी एक आठ दिसतो, मग अर्धा तीन. आरसी बुकातल्या चेसिस नंबरशी ते जुळले की अंगावर काटा येतो. सांगाडा आबाजींचाच. इंजिनावर मात्र नंबर वेगळा, आणि आतल्या भागांवर ठसा एसआयएलचा. लखनौ.

तिसरी गाडी सापडते एका बोल्टात, आणि हा बोल्ट मला सगळ्या गाडीहून जास्त आवडतो. इंजिनावरचा एक बोल्ट अर्ध्यावर अडकलेला. का? इटलीची गाडी म्हणजे मिलिमीटरचं माप. आठ मिलिमीटरचा बोल्ट, प्रत्येक फेऱ्याला १.२५ मिलिमीटर आत सरकणारा. पण आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात इंग्रजांच्या काळापासून इंची बोल्ट मुबलक. त्यातला पाच-सोळांशाचा बोल्ट जाडीला ७.९४ मिलिमीटर. फरक केसाएवढा! हातात धरून कळणारच नाही. पण त्याचे आटे एका इंचात अठरा, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला तो १.४१ मिलिमीटर सरकू पाहतो. मिस्त्री सांगतो, "दोन आटे गोडीनं जाते, तिसऱ्याले रुसते." रुसणारच. प्रत्येक फेऱ्याला ०.१६ मिलिमीटरचं भांडण साचत जातं. मग कुणीतरी घाईत पान्यावर जोर दिला आणि मऊ ॲल्युमिनियमचे आटे खाऊन टाकले. त्या एका भोकात जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रजानं १८४१ मध्ये ठरवलेलं माप आणि युरोपचं मेट्रिक माप समोरासमोर आली होती.

इंजिन उघडलं की क्लचच्या चकत्यांवर तपकिरी, मऊ तुकडे दिसतात. ते आहे बूच. हो, बाटलीचं बूच! भूमध्य समुद्राकाठच्या एका ओक झाडाची साल. (आपल्याकडचं पांढऱ्या सुगंधी फुलांचं बुचाचं झाड वेगळं.) पोलादाच्या इंजिनात झाडाची साल कशाला? रबराचा तुकडा दाबला की तो बाजूला फुगतो, बूच जवळपास फुगतच नाही. त्याच्या आत हवेनं भरलेल्या असंख्य इवल्या कोठड्या असतात, दाबलं की त्या मिटतात, सोडलं की उघडतात. तेलात भिजूनही ते हळुवार पकड घेतं. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकनं सूक्ष्मदर्शकाखाली बूचच ठेवलं होतं आणि त्या कोठड्यांना 'सेल' म्हटलं. शाळेत आपण जिला पेशी म्हणून शिकलो, ती आधी बुचात दिसली आणि आबाजींच्या गाडीत क्लच होऊन बसली आहे.

पिस्टन बघा. १५० च्या इंजिनात तो ५८ मिलिमीटर वर जातो, ५८ मिलिमीटर खाली येतो. टू-स्ट्रोक असल्यामुळे प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट. मिनिटाला पाच हजार फेरे धरले तर सेकंदाला ८३ स्फोट! आपल्याला ते वेगळे ऐकूच येत नाहीत, एकसलग घरघर ऐकू येते. आणि ठिणगी पिस्टन वर पोचल्यावर पडून चालत नाही, जरा आधी पडावी लागते, कारण आग पसरायलाही वेळ लागतो. तो 'जरा आधी' म्हणजे किती? त्या वेगात सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी. हे मोजायला मिस्त्री काय वापरतो? सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद. पॉइंटच्या दोन दातांत तो धरायचा, चाक हळूहळू फिरवायचं आणि कागद अलगद ओढत राहायचं. ज्या क्षणी कागद सुटतो, त्या क्षणी पॉइंट उघडला, तिथंच ठिणगी. पाच हजार फेऱ्यांचं यंत्र एका कागदाच्या सुटण्यावर जुळतं.

आणि अकोल्याचं ऊन? मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि लॅम्ब्रेटाचं सिलिंडर तर पत्र्याच्या आत कोंडलेलं, समोरून वारा लागायची सोयच नाही. म्हणून फिरत्या मॅग्नेटच्या चाकालाच पाती दिलीत. तोच पंखा, तोच वीज बनवणारा, तोच इंजिनाला लय देणारा जड भोवरा. एका चाकाला तीन नोकऱ्या! पण त्याच्याभोवतीचं पत्र्याचं झाकण कुणी 'कशाला पाहिजे' म्हणून काढून ठेवलं असेल तर वारा सिलिंडरकडे न जाता भलतीकडेच जातो आणि पिस्टन सिलिंडर धरून बसतो. जुन्या गाडीत हे झाकण गायब असेल तर आधी ते शोधा, रंगाचं नंतर बघू.

सांगाडा वाकडा आहे की सरळ, हे बघायला गवंड्याची लाइनदोरी पुरते. मागच्या चाकाच्या दोन्ही कडांना टेकवून दोरी पुढच्या चाकापर्यंत ताणायची, मानेवरून ओळंबा सोडायचा. एक सूत फरक दिसला, तरी कधीतरी कुठंतरी धडक बसलेली असावी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. बांधकामाच्या परांचीतून जन्मलेली गाडी बांधकामाच्याच ओळंब्यानं तपासली जाते, हे मला फार सुंदर वाटतं.

उरला तो आकडा. पायदानाखाली वेल्डिंग केलेला, कोणत्याही पुस्तकात नसलेला. ही चौथी गाडी, आणि हिचा कारखाना बहुधा गावातल्याच वेल्डिंगवाल्याचं दुकान. दुधाची कॅन? फवारणीचा पंप? आजीला विचारा, कदाचित तिला ठाऊक असेल. माझं मत विचाराल तर तो आकडा कापू नका. बोल्ट बदला, आटे नीट करून घ्या, बूच नवं घाला, पण आकडा राहू द्या. मिलानमध्ये कुणालाही करता आला नसता असा या गाडीतला तेवढाच एक तुकडा आहे.

मग एका सकाळी टाकीत टूटी ऑइल मिसळलेलं पेट्रोल, दोन-चार रिकाम्या किका, आणि निळसर धूर. पहिली लांब फेरी मारायची तर अमरावती-अकोला रस्त्यावर मारा. याच महामार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनेस विक्रम झाला. आबाजींच्या वेळी त्या वाटेवर खड्डे होते आणि इंजिन झुल्यासारखं हलत होतं. आता रस्ता गुळगुळीत, इंजिन तरीही हलेल, त्याला तसंच बनवलंय.

आणि एवढं ऐकाच. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या कोठ्यात असं काही धूळ खात पडलं असेल, तर भंगारवाल्याचा काटा येण्याआधी वाटीभर रॉकेल घ्या आणि मागचा नंबर घासून बघा. आरसी बुक जपून ठेवा. नंबर वाचल्याशिवाय ती गाडी किलोवर देऊ नका.